पित्तनलिकेच्या ऑपरेशननंतर पोर्टल व्हेन अरुंद झाली: स्टेंट, बायपास की पांथरी काढायची?

निफाड तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा. मुलगी ७ वर्षांची, वजन १८ किलो. साडेचार वर्षांची असताना तिची कोलेडोकल सिस्ट, म्हणजे पित्तनलिकेला आलेला फुगवटा, ऑपरेशन करून काढला आणि वरची नलिका आतड्याला जोडली. नंतरच्या वर्षात दोनदा थंडी वाजून ताप आला, अँटिबायोटिकने उतरला. आता गेल्या दोन महिन्यांत दोनदा डांबरासारखी काळी शी झाली. एकदा लोहाचं औषध सुरू होण्याआधी, एकदा नंतर. हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट ६८ हजार, पांथरी (प्लीहा) वाढलेली, कावीळ नाही. सोनोग्राफीत लिहिलंय की यकृताच्या दाराशी पोर्टल व्हेन अरुंद आहे आणि बाजूला बारीक शिरांचं जाळं आहे. दुर्बिणीतून अन्ननलिकेत लहान शिरा दिसल्या, रक्तस्रावाची खूण नाही. तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतात स्टेंट घाला, दुसरे म्हणतात बायपास करा, तिसरे म्हणतात पांथरी काढून टाका. यातलं कोणाचं ऐकू? आणि पहिलं ऑपरेशन चुकलं होतं का?

मी नाशिकमध्ये लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करते आणि पित्तनलिकेच्या ऑपरेशननंतरची मुलं वर्षानुवर्षं तपासत आले आहे. मुलीला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, चित्रं पाहिलेली नाहीत, त्यामुळे अमुकच करा असं मी इथे सांगणार नाही. पण निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा ते सांगता येईल. माझ्या मते तुमची अडचण तीन उपायांतला एक निवडण्याची नाहीच. तिन्ही डॉक्टर तीन वेगवेगळ्या आजारांवरचे उपाय सांगत आहेत आणि तुमच्या मुलीला त्यातला नेमका कोणता आहे, हे अजून कोणी ठरवलेलं नाही. ते ठरवायला दोन प्रश्नांची उत्तरं लागतात. पोर्टल व्हेन नुसती अरुंद आहे की पूर्ण बंद? आणि यकृत स्वतः कसं आहे?

आधी शरीरात काय चाललंय ते पाहू. आतडी आणि पांथरी यांच्यातून येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त याच शिरेतून येतं. तुम्ही बागायतदार आहात म्हणून सांगते: मुख्य कालवा तोंडाशी तुंबला की पाणी मागे फुगतं आणि बांध फोडून मिळेल त्या चारीने निघतं. इथेही तेच होतं. मागे दाब वाढतो, पांथरी फुगते, आणि रक्त अन्ननलिका, जठर, आतडं यांच्या बारीक शिरांतून वाट काढतं. त्या शिरा एवढ्या दाबासाठी बनलेल्या नसतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते किंवा काळी शी.

प्लेटलेटचा आकडा पाहून घरचे घाबरतात, ते साहजिक आहे. पण मुलीला रक्तस्राव प्लेटलेट कमी असल्यामुळे झालेला नाही, वाढलेल्या दाबामुळे झालेला आहे. प्लेटलेट फुगलेल्या पांथरीत अडकून पडतात, म्हणून रक्ताच्या तपासणीत कमी दिसतात. ६८ हजारांवर आपोआप रक्त वाहत नाही. म्हणून प्लेटलेट वाढवण्याच्या मागे लागू नका. पपईच्या पानांचा रस, आणखी कसला काढा, हे काही देऊ नका. दाब उतरला की आकडा आपोआप सुधारतो.

आता ऑपरेशन चुकलं का, हा प्रश्न. पोर्टल व्हेन पित्तनलिकेच्या अगदी मागे, तिला चिकटून असते. कोलेडोकल सिस्ट असलेल्या मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, कधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि फुगवट्याची मागची भिंत शिरेला घट्ट चिकटून बसते. ती सोडवताना शिरेला धक्का बसू शकतो. म्हणून फार चिकटलेल्या मुलांत ती भिंत शिरेवर तशीच ठेवून फक्त तिचं आतलं अस्तर खरवडून काढण्याची पद्धत आहे. लिली या शल्यचिकित्सकाच्या नावाने ती ओळखली जाते. पण शिरेला हातही न लागता पुढे ती आक्रसू शकते. ऑपरेशननंतर तिच्याभोवती व्रणाची ऊती तयार होते, जोडाच्या जागी संसर्ग होतो, तापाच्या आजारात शिरेत गुठळी होते. तुमच्या मुलीला दोनदा थंडीताप आला होता. हे तापच कारण असण्याची शक्यता मला बरीच वाटते. आज फक्त कागद पाहून दोष ठरवता येणार नाही, आणि ठरवला तरी उपचार बदलणार नाही. त्या डॉक्टरांकडून ऑपरेशनची सविस्तर नोंद मात्र नक्की मागून घ्या. जोड कसा केला, आतड्याची फांदी, म्हणजे पित्तनलिकेला जोडायला वर आणलेला आतड्याचा भाग, किती लांब ठेवली, शिरेजवळ रक्तस्राव झाला होता का, हे पुढच्या शल्यचिकित्सकाला फार उपयोगी पडतं. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

आता मूळ मुद्दा. पित्तनलिकेच्या ऑपरेशननंतर पोर्टल दाब वाढायची दोन वेगळी कारणं असतात आणि ती बाहेरून सारखीच दिसतात. पहिलं कारण, यकृत चांगलं आहे पण त्याच्या दाराशी शीर अडली आहे. दुसरं, शीर मोकळी आहे पण यकृतच आतून कडक झालं आहे. जोड अरुंद झाला, पित्त साचत राहिलं, वारंवार संसर्ग झाला, तर काही वर्षांत यकृतात सिऱ्हॉसिस होतो. बिलिअरी अट्रेसिया, म्हणजे तान्हेपणीच पित्तनलिका बंद होण्याचा आजार, त्यासाठी कसाई ऑपरेशन झालेल्या मुलांत बहुधा हे दुसरं कारण असतं. जपानच्या मोरिओ कसाई यांनी १९५९ मध्ये मांडलेलं ते ऑपरेशन पित्ताला वाट करून देतं, पण यकृतातला आजार पुष्कळदा पुढे सरकतच राहतो. तुमच्या मुलीला तो आजार नाही, कोलेडोकल सिस्ट होती. म्हणून तिचं यकृत चांगलं असण्याची आशा जास्त आहे. पण आशा धरून चालणार नाही, तपासावं लागेल. यकृत चांगलं असेल तर शिरेचा अडथळा दूर करून मुलगी जवळजवळ सामान्य आयुष्य जगू शकते. यकृत खराब असेल तर शिरेवर कितीही कसब दाखवलं तरी आजार तिथेच राहतो आणि शेवटी यकृत प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. काही मुलांत दोन्ही कारणं एकत्र असतात. तेव्हा आधी जोड दुरुस्त करायचा की आधी दाब उतरवायचा हे ठरवणं सगळ्यात कठीण असतं, कारण फुगलेल्या शिरांच्या जाळ्यातून जोडापर्यंत पोचताना भयंकर रक्तस्राव होतो. अशा वेळी त्वचेतून सुईने पित्ताची नळी टाकून वेळ मिळवायचा, दाब उतरवायचा, मग जोडाला हात घालायचा, असा क्रम मी पसंत करते.

हे कळायला कोणत्या तपासण्या लागतात? पहिली डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी, आणि ती मुलांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून. तुमच्या अहवालात 'अरुंद' आणि 'बाजूला जाळं' हे दोन्ही शब्द एकत्र आहेत आणि तिथेच माझं मन शंका घेतं. शीर पूर्ण बंद झाली की काही आठवड्यांत तिच्या भोवती बारीक शिरांचं जाळं उभं राहतं, त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. घाईत केलेल्या सोनोग्राफीत या जाळ्यातली एखादी जाड शीरच 'अरुंद पोर्टल व्हेन' म्हणून लिहिली जाऊ शकते. नुसती अरुंद शीर फुग्याने रुंद करता येते. शीर पूर्ण बंद होऊन जाळं झालेलं असेल तर बहुतेक वेळा तो मार्ग उपयोगाचा नसतो. म्हणून डॉपलरनंतर शिरांच्या टप्प्यातलं सीटी किंवा एमआर पोर्टोग्राफी लागते. शक्य असेल तर एमआरच करा, कारण त्याच बैठकीत पित्ताच्या नळ्यांचं चित्र, एमआरसीपी, मिळतं आणि जोड अरुंद आहे का तेही दिसतं. लहान मुलीला हालचाल न करता पडून राहता येत नसेल तर भूल द्यावी लागेल, त्याची भीती बाळगू नका.

रेडिओलॉजिस्टला एक प्रश्न लिहून न्या: "डाव्या पोर्टल शिरेचा यकृतातला भाग, रेक्सची खाच, मोकळी आहे का?" हा एक प्रश्न सगळा निर्णय फिरवू शकतो. का ते पुढे येईल.

रक्ताच्या तपासण्यांत बिलिरुबिन, एसजीपीटी, जीजीटी, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) पाहायचे. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. वाढत्या वयात हाडांमुळे ते तसंही जास्त असतं, जीजीटी जास्त खरं सांगतं. आयएनआर वाढलेला असेल तर आधी व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देऊन पुन्हा पाहायचा, कारण पित्त नीट आतड्यात पोचत नसेल तर हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि चांगलं यकृतही खराब दिसतं. के दिल्यावर आयएनआर जागेवर आला तर यकृताच्या बाजूने चांगली खूण. रक्त गोठण्याच्या आजाराच्या तपासण्या, प्रोटीन सी, प्रोटीन एस वगैरे, करायला सांगतील. पण शीर बंद असताना ही प्रथिनं नुसत्या त्यामुळेही कमी येतात. मुलीचा अहवाल कमी आला तर आई-वडिलांचीही तपासणी करून मगच निष्कर्ष काढावा, नाहीतर मुलीवर आयुष्यभराचा शिक्का बसतो. शेवटी, पल्स ऑक्सिमीटरने आडवं झोपून आणि उभं राहून ऑक्सिजन पाहा. पोर्टल दाबाच्या काही मुलांत फुफ्फुसातल्या शिरा पसरतात आणि ऑक्सिजन कमी होतो. दोन मिनिटांची तपासणी, पण ती सहसा राहून जाते.

एवढं करूनही यकृताबद्दल शंका उरली तर यकृताच्या शिरेतून दाब मोजणं आणि बायोप्सी. मोठा शंट, म्हणजे शिरा जोडून रक्ताला दुसरी वाट करून देणं, करायचा असेल तर मी त्याआधी हे आवर्जून मागते.

आता काळ्या शीकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या मुलीतली सगळ्यात महत्त्वाची खूण तीच आहे. लोहाच्या औषधाने शी काळी होते, ती हिरवटकाळी असते, चिकट नसते. दुसऱ्या वेळची त्यामुळेही असू शकेल. पण पहिली काळी शी लोह सुरू होण्याआधीची आहे आणि हिमोग्लोबिन ७.८ आहे, म्हणजे रक्त कुठून तरी नक्की गेलं आहे. तरीही दुर्बिणीत अन्ननलिकेतल्या शिरा लहान आणि शांत. मग रक्त आलं कुठून?

पित्तनलिका आतड्याला जोडलेल्या मुलांत एक खास जागा असते: स्वतः तो जोड. आतड्याची फांदी यकृताच्या दाराशी शिवलेली असते आणि दाब वाढला की शिरा त्या टाक्यांच्या रेषेतून, आतड्याच्या भिंतीतून, यकृतात शिरायला वाट शोधतात. तिथे शिरा फुगतात आणि फुटतात. नेहमीची दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि त्याच्या पुढचं थोडं आतडं पाहते. ती या फांदीपर्यंत पोचतच नाही. कळवणकडचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याला वारंवार काळी शी होत होती, दर वेळी दुर्बीण स्वच्छ येत होती आणि घरचे जंताचं औषध देत होते. सीटीच्या शिरांच्या टप्प्यात जोडाभोवती फुगलेल्या शिरा स्पष्ट दिसल्या. अशा रक्तस्रावाला दुर्बिणीतून रबरी कडी लावता येत नाही. त्याला मुळातूनच, म्हणजे शिरेचा दाब उतरवूनच, थांबवावं लागतं. तुमच्या मुलीत हेच असेल तर 'शिरा लहान आहेत, बघू पुढे' हा सल्ला पुरा पडणार नाही. सीटी किंवा एमआर करताना जोडाजवळच्या शिरा मुद्दाम पाहायला सांगा.

तर तीन उपाय.

शीर नुसती अरुंद असेल, पुढे यकृतातल्या फांद्या चांगल्या असतील, तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यकृतातून सुई घालून शिरेत पोचतात, अरुंद जागेच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजतात आणि फुगा फुगवून ती रुंद करतात. ५ मिलिमीटर पाऱ्याहून जास्त फरक असेल तर अडथळा खरा मानतात. मुलांत पहिला प्रयत्न मी नेहमी फुग्यानेच व्हावा असं म्हणते. शीर पुन्हा आक्रसते, ते खरं आहे. मग काही महिन्यांनी पुन्हा फुगा. वारंवार आक्रसत असेल तरच स्टेंट. कारण मुलगी १८ किलोची आहे, ती वाढणार, शीर वाढणार, धातूचा स्टेंट आपोआप वाढणार नाही. घालायचाच असेल तर पुढे फुग्याने मोठा करता येणारा घालावा, आणि तो पांथरीची शीर जिथे मिळते त्या संगमावर किंवा डाव्या फांदीच्या तोंडावर आडवा येऊ नये. तसा आला तर उद्या बायपासची किंवा प्रत्यारोपणाची जागाच बंद होते. स्टेंटचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना हेच विचारा: स्टेंट कुठून कुठपर्यंत बसेल, आणि पुढे वाढवता येईल का? फुगा किंवा स्टेंट झाल्यावर रक्त पातळ करणारं औषध काही महिने लागतं. नुकत्याच रक्तस्राव झालेल्या मुलीत ते कधी सुरू करायचं हा दर मुलामागे वेगळा निर्णय असतो.

शीर पूर्ण बंद असेल, यकृत चांगलं असेल आणि रेक्सची खाच मोकळी असेल, तर माझ्या मते मुलांसाठी सर्वांत चांगला उपाय मेसो-रेक्स बायपास. बेल्जियममधले जाँ द व्हिल द ग्वाए यांनी १९९२ मध्ये तो मांडला. मानेतली एक शीर, डावी अंतर्गत जुग्युलर, घेऊन ती आतड्याच्या मोठ्या शिरेला एका टोकाने आणि यकृतातल्या डाव्या पोर्टल फांदीला दुसऱ्या टोकाने जोडतात. बंद भाग टाळून रक्त पुन्हा यकृतातच जातं. हा 'यकृतातच' शब्द महत्त्वाचा. बाकीचे शंट रक्त यकृताला चुकवून थेट मोठ्या शिरेत सोडतात. दाब त्यांनीही उतरतो, रक्तस्राव थांबतो, पण आतड्यातलं अमोनिया वगैरे न गाळता मेंदूकडे जातं. मुलांत त्याचा परिणाम अभ्यासातलं लक्ष, झोप, चिडचिड अशा गोष्टींतून दिसतो आणि पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. मेसो-रेक्सनंतर यकृताला त्याचं रक्त परत मिळतं, वाढ सुधारते.

आधीचं ऑपरेशन झालंय, आतड्याची फांदी यकृताच्या दाराशी शिवलेली आहे, मग हे जमेल का? अवघड आहे, अशक्य नाही. रेक्सची खाच यकृताच्या दाराच्या डावीकडे, नाभीकडून येणाऱ्या जुन्या शिरेच्या फटीत असते. तिथे चिकटाचिकट दारापेक्षा कमी असते. त्यामुळे जुन्या जोडाला हात न लावता पोचता येऊ शकतं. खाचेतली शीर बंद असेल तर मात्र मेसो-रेक्स नाही. मग पांथरी तशीच ठेवून तिची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडण्याचा, वॉरेनचा शंट, हा माझा पुढचा विचार असतो.

पांथरी काढायची का? तुमच्या मुलीत, नुसती पांथरी काढू नका. असं मी सहसा इतकं ठाम बोलत नाही. पांथरी काढल्याने प्लेटलेटचा आकडा सुंदर दिसतो, पण अडलेली शीर अडलेलीच राहते. उलट शंटसाठी लागणारी पांथरीची शीर हातची जाते, पोर्टल शिरांत नवी गुठळी व्हायचा धोका वाढतो, आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंचा जीवघेणा संसर्ग होण्याची भीती आयुष्यभर राहते. एक अपवाद आहे. शंटचाच एक प्रकार असा आहे की त्यात पांथरी काढून तिची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडतात. तुमच्या डॉक्टरांच्या मनात तो असू शकेल. म्हणून त्यांना नीट विचारा: "पांथरी एकटी काढणार की सोबत शंट करणार?" शंटसोबत असेल तर तो विचार करण्याजोगा सल्ला आहे, तरीही मेसो-रेक्सची शक्यता तपासून झाल्यावर. आणि कोणतंही पांथरीचं ऑपरेशन ठरलं तर आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात.

मध्येच दुसऱ्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट. तुमच्या मुलाचं पित्तनलिकेचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल आणि पहिल्या काही दिवसांत डॉपलरमध्ये शिरेत गुठळी दिसली, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. ताजी गुठळी वेगळी गोष्ट आहे. तेव्हा तास आणि दिवस महत्त्वाचे असतात. रक्त पातळ करणारं हेपरिन किंवा कधी पुन्हा पोट उघडून गुठळी काढणं हे निर्णय त्याच इस्पितळात, त्याच टीमने, लगेच घ्यायचे असतात. दुसरं मत घ्यायला म्हणून मुलाला तिथून हलवू नका, फोनवर घ्या.

तुमच्या मुलीकडे परत येते. तपासण्या होईपर्यंतच्या काळात काय करायचं? अन्ननलिकेतल्या शिरांसाठी प्रोप्रानोलोल, दाब कमी करणारं औषध, द्यायचं का हे तुमच्या डॉक्टरांवर सोपवा. दमा असेल तर ते चालत नाही, तेवढं आधी सांगा. शिरा वाढल्या तर रबरी कडी लावता येईल, १८ किलोच्या मुलीला ते उपकरण बसतं. अगदी लहान, १० किलोच्या आतल्या मुलांत ते बसत नाही, तिथे इंजेक्शन द्यावं लागतं.

ताप आला की फक्त पॅरासिटामोल. आयबुप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड, ॲस्पिरिन नको. आपल्याकडे लहान मुलांच्या तापाच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामोलसोबत आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिड मिसळलेलं असतं, म्हणून बाटलीवरची नावं वाचूनच औषध घ्या, मेडिकलवाल्याला स्पष्ट सांगा. थंडी वाजून ताप आला तर पॅरासिटामोल देऊन घरी वाट पाहू नका, तो जोडाचा संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. काविळीची गावठी औषधं नकोत. जेवणात काही बंद नाही. तिखट, तेल यांनी शिरा फुटत नाहीत. भात, भाकरी, अंडं, डाळ, दूध सगळं द्या, ही मुलं आधीच अशक्त असतात. शाळेत पाठवा. फक्त कबड्डी, कुस्ती, झाडावर चढणं, पोटावर मार बसेल असे खेळ तेवढे थांबवा, कारण फुगलेली पांथरी बरगडीच्या बाहेर आलेली असते.

रक्ताची उलटी झाली तर. १८ किलोच्या मुलीच्या अंगात सगळं मिळून दीड लिटरच्या आतच रक्त असतं, त्यामुळे एक तांब्याभर रक्त गेलं तरी ते फार आहे. तिला कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका, १०८ ला फोन करा. आणि थेट मुंबईचा रस्ता धरू नका, कसारा घाटाने नाही आणि समृद्धीच्या बोगद्यातूनही नाही. आधी नाशिकला, जिथे रक्तपेढी, मुलांचा अतिदक्षता विभाग आणि दुर्बीण आहे तिथे न्या. तिथे रक्तदाब सावरून, रक्तस्राव आवरणारं ऑक्ट्रिओटाइडसारखं औषध सुरू करून, मगच पुढचा प्रवास. असं इस्पितळ कोणतं हे आजच ठरवून ठेवा, तिथल्या बालरोगतज्ज्ञांना मुलीची फाइल आधीच दाखवून या. रक्तगटाचं कार्ड फाइलला लावा. आणि रक्त भरायचं झालं तर हिमोग्लोबिन साधारण ८ पर्यंत आलं की पुरे. 'अजून एक पिशवी चढवा' असा आग्रह घरच्यांनी धरू नये. जास्त रक्त चढवलं की पोर्टल दाब वाढतो आणि बसलेली शीर पुन्हा फुटू शकते.

हे सगळं नाशिकमध्ये होईल का? डॉपलर, एमआर, दुर्बीण, रक्तस्रावाचा तातडीचा इलाज हे सगळं इथे होतं आणि इथेच व्हावं. मुलांच्या पोर्टल शिरेत फुगा घालणं किंवा मेसो-रेक्स हे मात्र अशा जागी करावं जिथे मुलांचे शल्यचिकित्सक, यकृततज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट एका छताखाली आहेत आणि हे काम नियमित करतात. आपल्यासाठी त्याचा अर्थ बहुधा मुंबई किंवा पुणे. परळला वाडिया आणि केईएम ही जुनी इस्पितळं आहेत, तिथे मत घेऊन यायला काही हरकत नाही. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं इस्पितळ आहे का, आणि हे उपचार त्यात बसतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

हंगामाचे दिवस आहेत, द्राक्षं काढायची राहिली आहेत, तेवढं झालं की जाऊ, असंही तुम्ही लिहिलंय. मुलगी आज स्थिर आहे, त्यामुळे आज रात्री पळत सुटायची गरज नाही. पण महिनाभर थांबू नका. या आठवड्यात डॉपलर आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्या, पुढच्या आठवड्यात एमआर. चित्रांची सीडी घ्या, नुसता कागदी अहवाल नको, कारण मुंबईचे डॉक्टर चित्र स्वतः पाहतात. ऑपरेशनची जुनी नोंद, दुर्बिणीचा व्हिडिओ असेल तर तो, आणि सगळे हिमोग्लोबिनचे आकडे तारखेप्रमाणे एका पानावर लिहून न्या. आणि तिन्ही डॉक्टरांना हेच दोन प्रश्न पुन्हा विचारा: शीर अरुंद आहे की बंद, आणि यकृत कसं आहे? उत्तर आलं की इथे लिहा, रेक्सच्या खाचेबद्दल रेडिओलॉजिस्टने काय लिहिलंय ते शब्दशः टाका, मी पाहून सांगेन.